बार्बाडोसला निघताय? फोन, ओटीपी आणि इंटरनेटची तयारी या क्रमाने करा

बार्बाडोसला जाऊन आलेल्या ओळखीच्यांकडून दोनच तक्रारी ऐकू येतात. एक, "इंटरनेट मिळालं, पण बँकेचा ओटीपी येईना." दुसरी, "ओटीपी आला, पण घरी आल्यावर बिल पाहून घाम फुटला." दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण एकाच सिमकडून दोन कामं करून घ्यायला जातो. भारतीय सिम ही आपली ओळख आहे. बँक, व्हॉट्सअ‍ॅप, गुगल, सगळे आपल्याला त्याच नंबरावरून ओळखतात. इंटरनेट हे वेगळं काम आहे आणि ते दुसऱ्या सिमकडून स्वस्तात होतं. हा कामाचा वाटा भारतात असतानाच ठरवला, तर बेटावर दहा मिनिटांत सगळं सुरू होतं. तिथे पोहोचून ठरवायला गेलात, तर सुट्टीचा पहिला दिवस फोनशी झटण्यात जातो.

क्रम मोडू नका. ज्या कामाला ओटीपी लागतो, ते प्रत्येक काम विमानात बसण्यापूर्वी उरकायचं, हा सगळ्यात मोठा नियम. खालचे टप्पे बार्बाडोस धरून लिहिले आहेत. सेंट लुशिया, अँटिग्वा, ग्रेनाडा, त्रिनिदादलाही ते बरेचसे लागू पडतात. जिथे फरक आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: फोन तपासा (निघण्याच्या पंधरा दिवस आधी)

फोनवर *#०६# डायल करा. आयएमईआय नंबरांसोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला, तर तुमच्या फोनमध्ये ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच भरलं जाणारं सिम, चालतं. नसेल, तर प्लास्टिकचं सिम बसवायला दुसरा खण आहे का ते बघा. काही फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा मेमरी कार्डाने अडवलेली असते. ते काढावं लागणार असेल, तर त्यातले फोटो आधी उतरवून घ्या.

आता लॉक. भारतात विकत घेतलेला फोन बहुधा मोकळाच असतो. पण आपल्याकडे अमेरिकेतल्या भाच्याने आणलेले आयफोन घरोघरी आहेत, आणि घोळ तिथेच होतो. हप्त्यांवर घेतलेला अमेरिकी फोन तिथल्या कंपनीला बांधलेला असू शकतो. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. कॅरिअर लॉकपुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं लिहिलेलं असलं पाहिजे. शिवाय अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासूनच्या फोनना सिमचा खणच नाही. असा फोन घेऊन दुकानात प्लास्टिकचं सिम मागू नका, ई-सिमच मागा.

तिसरी तपासणी बहुतेक लोक करतच नाहीत. कॅरिबियन बेटांवर अनेक ठिकाणी अमेरिकी पद्धतीचे बँड (मोबाइल लहरींचे पट्टे) वापरात आहेत: ७००, ८५०, १९०० मेगाहर्ट्झ वगैरे. भारतीय बाजारासाठी बनवलेल्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनमध्ये यातले काही नसतात. मग शेजारच्याच्या फोनवर फोर-जी धावतं आणि तुमच्या फोनवर एकच दांडी दिसते. फोनचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर एलटीई, म्हणजे फोर-जी, बँडांची यादी काढा. २, ४, १२, १३, १७ यांपैकी कोणते आहेत ते टिपून ठेवा. बार्बाडोसमध्ये डिजिसेल आणि फ्लो या दोन मुख्य मोबाइल कंपन्या आहेत. कोणाचे बँड तुमच्या फोनशी जुळतात ते बघून कंपनी निवडा. नातेवाईक काय वापरतात, यावरून निवडू नका.

> तपासणी: ई-सिम की प्लास्टिक, हे ठरलं? लॉक नाही याची खात्री झाली? बँड टिपले? तिन्हींना 'हो' असेल, तरच पुढे जा.

टप्पा २: भारतीय सिम शाबूत ठेवा

या टप्प्यावर घाई करू नका. बहुतेक सगळे इथेच घसरतात.

*मूळ रिचार्जची मुदत.* रोमिंग पॅक घेतला म्हणजे सिम जिवंत राहतं, असा समज आहे. मूळ प्लॅनची मुदत वेगळी आणि पॅकची वेगळी. २८ दिवसांचा रिचार्ज प्रवासाच्या मधल्याच दिवशी संपत असेल, तर निघण्यापूर्वीच पुढचा भरून ठेवा. परतल्यानंतरचे आठ-दहा दिवसही त्यात धरा.

*इंटरनॅशनल रोमिंग सुरू करणं.* डेटा नको असला, तरी ही सोय सुरू हवी. नाहीतर सिम तिथल्या नेटवर्कला धरणारच नाही आणि एसएमएस येणार नाही. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बार्बाडोस हा देश शोधा आणि तीन गोष्टी बघा: येणाऱ्या एसएमएसचा दर, येणाऱ्या कॉलचा दर आणि भागीदार नेटवर्कचं नाव. येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, येणारा कॉल नसतो.

*ई-सिमचा मोह.* "प्लास्टिकचं सिम काढून भारतीय नंबरच ई-सिम करून टाकू, खण मोकळा होईल." कल्पना चांगली आहे, पण आदल्या दिवशी करू नका. सिम बदललं की त्या नंबरावरचे एसएमएस सुरक्षेसाठी २४ तास बंद राहतात. हा बदल किमान आठवडाभर आधी करा. त्यानंतर बँकेचं अ‍ॅप पुन्हा नोंदवून घ्या, कारण बरीच बँक अ‍ॅप सिम बदललं की नव्याने पडताळणी मागतात.

*कॉल फॉरवर्डिंग.* आपल्या नंबरावर मिस्ड कॉल अलर्टसारखी सोय असेल, तर न उचललेला कॉल पुढे वळवला जातो. रोमिंगमध्ये हा वळसा परदेशातून भारतात जातो आणि तुम्ही फोन उचललाही नसताना पैसे लागू शकतात. भारतात असतानाच ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग रद्द करा.

*बँक आणि कार्ड.* रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशापासून नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात. परदेशी वापर अ‍ॅपमधून आपण स्वतः सुरू करायचा आणि मर्यादाही ठरवायची. बँकेत ईमेलची नोंद आहे का ते बघा. काही बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात आणि तोच वेळेला कामी येतो.

एक घरगुती अडचण. आईच्या खात्याला मुलाचा नंबर जोडलेला असतो आणि मुलगा पुण्यात असतो. बार्बाडोस भारताच्या साडेनऊ तास मागे आहे, आणि तिथे घड्याळ उन्हाळा-हिवाळ्यात पुढे-मागे करत नाहीत. तिथे रात्री आठ वाजता जेवणाचं बिल भरताना इथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. ओटीपी मुलाच्या फोनवर, मुलगा गाढ झोपेत आणि वेटर समोर उभा. प्रवासाला जाणाऱ्याच्या खात्याला त्याच्यासोबत जाणारा नंबरच जोडून घ्या. बँकेत जाऊन अर्ज द्यावा लागतो, म्हणून पंधरा दिवस म्हटलं.

*बाकीची कुलपं.* व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लावा आणि तो लक्षात ठेवा. गुगल खात्याची पडताळणी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपवर, आणा. बॅकअप कोड कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवा. फोन हरवला, तर तो कागदच तुम्हाला तुमच्या खात्यात परत नेईल.

> इशारा: भारतीय सिम काढून पाकिटात ठेवू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅपना आदेश दिला, की ज्या सिमवर नोंदणी झाली ते सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालावं. पूर्वी 'वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅप चालतंय ना' म्हणून सिम घरी ठेवणारे लोक होते. ती सवय आता सोडलेली बरी.

टप्पा ३: इंटरनेट कुठून घ्यायचं ते ठरवा

तीन वाटा आहेत.

चार-पाच दिवसांचा मुक्काम असेल आणि फोनच्या सेटिंगची भीती वाटत असेल, तर भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घ्या. पैसे जास्त जातील, डोकेदुखी कमी होईल. मात्र पॅकच्या देशांच्या यादीत 'बार्बाडोस' हा शब्द प्रत्यक्ष शोधा. यादीत अमेरिका आहे म्हणून हे बेट असेलच असं नाही. दोघांचा कोड +१ असल्यामुळे कित्येकांचा हा गैरसमज होतो. पॅक ठरावीक नेटवर्कवरच चालत असेल, तर त्या नेटवर्कचं नाव लिहून ठेवा. मुदत खरेदीपासून मोजतात की पहिल्या वापरापासून, तेही बघा.

आठवडा-दहा दिवसांसाठी परदेशी कंपनीचं प्रवासी ई-सिम हा माझ्या मते सगळ्यात सुटसुटीत मार्ग आहे. भारतीय वाचकांसाठी त्यात एक गाठ आहे. भारतात परदेशी सिम किंवा ई-सिम विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. जानेवारी २०२४ मध्ये या कारणावरून एअरालो आणि होलाफ्लाय या ई-सिम विकणाऱ्या कंपन्यांची अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून काढून टाकण्यात आली. म्हणून भारतात घ्यायचं असेल, तर परवानगी असलेल्या विक्रेत्याकडून घ्या. परवानगी आहे का, हे थेट विचारायला लाजू नका. ई-सिमबरोबर बहुधा फक्त डेटा मिळतो, स्थानिक नंबर मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दोन आठवड्यांहून जास्त राहणार असाल, गाडी भाड्याने घेणार असाल किंवा घरबसल्या काम करणाऱ्यांसाठीच्या 'वेलकम स्टॅम्प' परवान्यावर वर्षभर जाणार असाल, तर स्थानिक सिमला पर्याय नाही. दुरुस्तीवाला, डॉक्टर, गाडीवाला यांना २४६ चा, म्हणजे बार्बाडोसचा, नंबर दिला की परतीचा फोन येतो. +९१ पाहून कोणी परत फोन करत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

टप्पा ४: आदल्या दिवशीच्या सेटिंग

१. ई-सिम घेतलं असेल, तर ते घरच्या वाय-फायवर बसवून घ्या, पण सुरू करू नका. क्यूआर कोड त्याच फोनच्या पडद्यावर असेल, तर तो स्कॅन करायला अडचण येते. कागदावर छापून घ्या किंवा दुसऱ्या फोनवर उघडा. बसवलेलं ई-सिम 'नीट चालत नाही' म्हणून पुसून टाकू नका. बरेच कोड एकदाच चालतात.

२. फोनमध्ये सिमना नावं द्या. एक 'भारत', दुसरं 'बेट'. सिम १ आणि सिम २ अशी नावं राहिली, की झोपाळलेल्या डोळ्यांनी चुकीचं बटण दाबलं जातं. मी दाबलेलं आहे.

३. 'भारत' सिमचं डेटा रोमिंग बंद करा. मोबाइल डेटासाठी 'बेट' सिम निवडा आणि डेटा रोमिंग फक्त त्याचं सुरू ठेवा. ई-सिमला डेटा रोमिंग बहुधा सुरूच ठेवावं लागतं, कारण ते दुसऱ्या देशातल्या कंपनीचं असतं आणि बार्बाडोस त्याच्यासाठीही परदेशच असतो. 'रोमिंग म्हणजे बिल' या धास्तीने लोक ते बंद करतात आणि मग इंटरनेट का नाही म्हणून विचारत बसतात. रोमिंग पॅकचा मार्ग घेतला असेल, तर अर्थातच 'भारत' सिमचं डेटा रोमिंग सुरू हवं, पण पॅक चालू झाल्याचा एसएमएस आल्यावरच.

४. आपोआप सिम बदलण्याची सोय बंद करा. आयफोनमध्ये तिचं नाव 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग' आहे, अँड्रॉइडवर कंपनीनुसार वेगवेगळी नावं आहेत. ती सुरू राहिली, तर एका सिमची रेंज गेली की फोन आपल्या मर्जीने दुसऱ्या सिमचा डेटा वापरायला लागतो. बिलाचं भूत इथेच दडलेलं असतं.

५. फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, व्हॉट्सअ‍ॅपचे आपोआप उतरणारे व्हिडिओ हे सगळं फक्त वाय-फायवर ठेवा. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी येणारे शुभेच्छांचे व्हिडिओ एकटे एक जीबी खाऊ शकतात.

६. गुगल मॅप्समध्ये पूर्ण बार्बाडोस उतरवून घ्या. बेट ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे नकाशाची फाइल लहानच असते. राहण्याचा पत्ता, इमिग्रेशनच्या ऑनलाइन फॉर्मचा क्यूआर कोड आणि यजमानांचा नंबर यांचे स्क्रीनशॉट काढा. तिथले पत्ते पॅरिशच्या, म्हणजे परगण्याच्या नावाने आणि खुणांनी सांगतात. पॅरिशचं नाव नक्की लिहा.

७. चार्जर. तिथे ११५ व्होल्ट वीज आणि अमेरिकी चपट्या पिनांचे सॉकेट आहेत. फोनच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर ट्रान्सफॉर्मर नको, पिन बदलणारा अडॅप्टर पुरे. आपल्याकडचा एक्स्टेंशन बोर्ड सोबत घ्या, म्हणजे एका अडॅप्टरवर सगळ्यांचे फोन लागतील.

टप्पा ५: वाटेत

भारतातून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरंटो अशा एखाद्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. काही विमानांत मोबाइल नेटवर्क असतं आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. दारं बंद झाली की एअरप्लेन मोड लावा आणि उतरेपर्यंत काढू नका. मधल्या विमानतळावर एअरप्लेन मोडमध्ये राहूनच वाय-फाय वापरा. पॅक फक्त बार्बाडोसचा असेल, तर मायामीत त्याचा उपयोग शून्य.

टप्पा ६: ग्रँटली अ‍ॅडम्स विमानतळावर उतरल्यावर

इथला क्रम काटेकोर पाळा. एअरप्लेन मोड काढण्यापूर्वी 'भारत' सिमच्या डेटा रोमिंगचं बटण पुन्हा एकदा डोळ्यांनी बघा. मग 'बेट' ई-सिम सुरू करा. मग एअरप्लेन मोड काढा आणि पाच मिनिटं काहीही करू नका. फोनला नेटवर्क शोधायला वेळ लागतो. तेवढ्यात घाबरून सेटिंग बदलत सुटलं, की काय बिघडलं ते कळेनासं होतं.

पाच मिनिटांनी नेटवर्क नसेल, तर फोन बंद करून सुरू करा. तरीही नसेल, तर नेटवर्क आपोआप निवडण्याचं बटण बंद करा आणि यादीतून डिजिसेल किंवा फ्लो हाताने निवडा. पॅकमध्ये नाव दिलं असेल, तर तेच. नेटवर्क दिसतं पण इंटरनेट नाही, अशी स्थिती असेल, तर दोष बहुतेक वेळा एपीएनचा, म्हणजे फोनला इंटरनेटशी जोडणाऱ्या सेटिंगचा, असतो. ई-सिमच्या सूचनांमध्ये दिलेलं एपीएन अक्षरन् अक्षर टाका.

> तपासणी, विमानतळावरून हलण्यापूर्वी: वाय-फाय बंद करून एक संकेतस्थळ उघडतं का? घरी व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागतो का? ओटीपी मागवून बघितला, तर एसएमएस येतो का? तिसरी तपासणी कोणी करत नाही. ओटीपी येत नसेल, तर 'भारत' सिमसाठी दुसरं नेटवर्क हाताने निवडून बघा.

टप्पा ७: स्थानिक सिम घ्यायचं असेल तर

विमानतळावर काउंटर उघडं सापडलं तर उत्तम, पण त्यावर विसंबून राहू नका. राजधानी ब्रिजटाउनमध्ये ब्रॉड स्ट्रीटचा परिसर आणि क्राइस्टचर्च पॅरिशमधला शेरेटन मॉल इथे कंपन्यांची दुकानं मिळतात. रविवारी ब्रिजटाउनची बहुतेक दुकानं बंद असतात. ऑगस्टचा पहिला सोमवार म्हणजे क्रॉप ओव्हर उत्सवाचा कडूमेंट डे, त्या दिवशी तर सिमचं नावच काढू नका. शनिवारी रात्री उतरत असाल, तर सोमवारपर्यंत पुरेल एवढी दुसरी सोय हवी.

पासपोर्ट जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो नव्हे, मूळ पासपोर्ट. दुकानात हे प्रश्न विचारा: हा प्लॅन किती दिवसांचा? डेटा संपला तर शिल्लक पैशांतून कापला जाईल की इंटरनेट थांबेल? आपोआप नूतनीकरण आहे का? किंमत कर धरून की कर वगळून?

आणि कोणता डॉलर? बार्बाडोसचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या निम्मा आहे, दोनाला एक, हा दर ठरलेला आहे. दुकानदार 'फोर्टी डॉलर्स' म्हणतो तेव्हा सहसा स्थानिक डॉलर म्हणतो. मी पहिल्या खेपेला अमेरिकी समजून 'फार महाग' म्हणत बाहेर पडलो आणि दोन दिवस हॉटेलच्या वाय-फायवर काढले. याच्या उलट चूक म्हणजे अमेरिकी नोटा देऊन सुटे न मोजणं.

सिम दुकानातच बसवा. डेटा सुरू झाल्याशिवाय काउंटर सोडू नका. दुकानातली मंडळी एपीएन पटकन घालून देतात. भारतीय कार्ड कंपनीच्या टॉप-अप अ‍ॅपवर नाकारलं जाऊ शकतं, म्हणून रोखीने टॉप-अप कुठे होतं तेही विचारून घ्या. सुपरमार्केट आणि पेट्रोल पंपांवर ही सोय मिळते.

> इशारा: नवं सिम घातल्यावर व्हॉट्सअ‍ॅप विचारेल, 'नंबर बदलायचा का?' नाही म्हणा. हो म्हणून बसलात, तर भारतातल्या सगळ्या ग्रुपांना तुमचा नवा नंबर जाईल आणि तो दोन आठवड्यांनी मरणार आहे. आयफोन असेल, तर आय-मेसेज सुरू होताना गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस जातो. लागत नसेल, तर नव्या सिमसाठी ते बंदच ठेवा.

टप्पा ८: नंबर कसा फिरवायचा

बार्बाडोसचा कोड +१ २४६, त्यापुढे सात आकडे. स्थानिक सिमवरून बेटावरच फोन करायचा, तर सात आकडे पुरतात. भारतात करायचा, तर +९१ आणि दहा आकडे. प्लसचं चिन्ह चालत नसेल, तर ०११ ९१. फोनबुकात '९८...' असे उघडे दहा आकडी नंबर असतील, तर ते स्थानिक सिमवरून लागणार नाहीत. महत्त्वाच्या दहा-पंधरा नंबरांपुढे +९१ भारतातच लावून घ्या.

अमेरिका, कॅनडा आणि अनेक कॅरिबियन बेटं यांचा कोड +१ च असला, तरी ते एक देश नाहीत. २४६ बार्बाडोस, ७५८ सेंट लुशिया, ८६८ त्रिनिदाद-टोबॅगो, ८७६ जमैका, ४७३ ग्रेनाडा, २६८ अँटिग्वा. बार्बाडोसवरून ८६८ ला लावलेला कॉल आंतरराष्ट्रीयच. या कोडांवरून एक रिंग देऊन कापणारे भामटे जुने आहेत. अनोळखी नंबरावर परत फोन करू नका.

तातडीचे नंबर: पोलीस २११, अग्निशमन ३११, रुग्णवाहिका ५११. हे फोनमध्ये ठेवाच, शिवाय कागदावर लिहून पाकिटात घाला.

रोजच्या वापरात व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडे चालतं. गेस्ट हाउसवाले, टॅक्सीवाले त्यावरच बोलतात. बेट बरंचसं सपाट असल्यामुळे दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर रेंजची चिंता नसते. पूर्वेकडे बाथशेबाच्या बाजूला, स्कॉटलंड डिस्ट्रिक्टच्या टेकड्यांत रेंज डगमगते. हॅरिसन्स केव्हच्या आत तर ती मागूच नका. तिकडे जाताना परतीच्या गाडीची वेळ आधीच ठरवा. बसने जाणार असाल, तर थांब्यावरच्या पाट्या वाचा. 'टू सिटी' म्हणजे ब्रिजटाउनकडे, 'आउट ऑफ सिटी' म्हणजे तिथून बाहेर. एवढ्यासाठी इंटरनेट लागत नाही.

टप्पा ९: दुसऱ्या बेटावर किंवा क्रूझवर

बेट बदललं की देश बदलला. बार्बाडोसचं सिम सेंट लुशियात रोमिंगवर जातं, मग दोन्हीकडे त्याच कंपनीची पाटी का असेना. तीन-चार बेटं करायची असतील, तर प्रादेशिक कॅरिबियन ई-सिम घ्या, पण यादीत प्रत्येक बेटाचं नाव बोट ठेवून तपासा. मार्टिनिक आणि ग्वादलूप हा फ्रान्सचा भाग आहे, तिथे +५९६ आणि +५९० हे कोड लागतात आणि ती बेटं पुष्कळदा युरोपच्या पॅकमध्ये सापडतात. सेंट मार्टिन हे एकच बेट, पण उत्तरेला फ्रेंच आणि दक्षिणेला डच. फ्रेंच बाजूचा कोड +५९०, डच बाजूचा +१ ७२१. रस्त्यावर सीमा कळतही नाही, पण फोनला कळते. तिथे नेटवर्क हाताने निवडून ठेवा.

क्रूझवर जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. ते उपग्रहावरून चालतं, साध्या पॅकमध्ये बसत नाही आणि अतिशय महाग असतं. जहाज बंदर सोडण्याआधी एअरप्लेन मोड लावा. ओटीपीची कामं बंदरात उभे असतानाच उरका.

टप्पा १०: वादळाच्या मोसमात जात असाल तर

१ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिक चक्रीवादळांचा अधिकृत मोसम. २९ जून २०२४ ला केन्सिंग्टन ओव्हलवर विश्वचषक जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे बार्बाडोसमध्येच अडकला. विमानतळ बंद झाला होता आणि संघ विशेष विमानाने ४ जुलैला दिल्लीत पोहोचला. त्यांच्या दिमतीला क्रिकेट बोर्ड होतं. आपल्याला पॉवर बँकेवर भागवायचं आहे.

वादळाची सूचना आली की आधी सगळे फोन आणि पॉवर बँका पूर्ण चार्ज करा. मग विमान कंपनीचा नंबर, बुकिंग क्रमांक आणि विम्याचे कागद यांचे स्क्रीनशॉट काढा. 'भारत' सिमचा रोमिंग पॅक आणि ई-सिमची मुदत आठवडाभर वाढवून घ्या. हे इंटरनेट असतानाच करायचं. वीज गेल्यावर वाय-फाय आधी जातं, मोबाइल टॉवर बॅटरीवर थोडा वेळ तग धरतात. तेव्हा व्हिडिओ कॉल करू नका, साधा एसएमएस पाठवा. कमकुवत रेंजमध्येही तो निघून जातो. घरच्यांशी आधीच ठरवा: भारतीय वेळेनुसार रोज रात्री आठ वाजता, म्हणजे तिथल्या सकाळी साडेदहाला, एक ओळ येईल. मधल्या वेळेत फोन बंद असला, तर काळजी करायची नाही.

टप्पा ११: परत आल्यावर

मुंबईत उतरल्यावर मोबाइल डेटा पुन्हा 'भारत' सिमवर आणा. हे विसरलं, की ई-सिमचा उरलेला डेटा शोधत फोन बसतो आणि घरी 'नेट चालत नाही' म्हणून ओरड होते. ई-सिम लगेच पुसू नका, फक्त बंद ठेवा. पॅकच्या पैशांवरून काही वाद निघाला, तर त्यातला नंबर लागतो. कार्डांचा परदेशी वापर अ‍ॅपमधून बंद करा. रोमिंग पॅकला आपोआप नूतनीकरण लागलं असेल, तर ते काढा. ##००२# ने बंद केलेला मिस्ड कॉल अलर्ट हवा असेल, तर कंपनीकडून पुन्हा सुरू करून घ्या. पोस्टपेड असाल, तर पुढची दोन बिलं ओळन् ओळ वाचा. रोमिंगच्या काही नोंदी एक महिना उशिराही येतात.